डीपीचा तीव्र मध्यम

"काय हो वहिनी, काल कोजागिरीला समोरच्या बंगल्याबाहेर एवढ्या चपला कशाच्या? मला वाटलं सत्यनारायण घातला की काय."

"सत्यनारायण कुठला काकू, गाणं होतं. शास्त्रीय. संभाजीनगरहून गवई आणला होता, सोबत तबलजी आणि पेटीवाले. तुम्हाला बोलावणं नव्हतं का?"

"होतं ना, व्हॉट्सअ‍ॅपवर. एक तर ह्यांची भट्टीवर रात्रपाळी. आणि दारात येऊन कुणी सांगितलं नाही तर मी कामून जाऊ? मोबाइलमधल्या फुलांच्या चित्रावर जेवायला-गायला जाणारी मी नाही."

"मग ऐका तरी. हॉलमधला सोफा, टीव्ही, डायनिंग टेबल, सगळं पोर्चमध्ये काढलं. मंडपवाल्याकडून गाद्या, पांढऱ्या चादरी, लोड आणले. सांगितली चाळीस माणसं, आली साठ. मी आधीच जाऊन भिंतीची जागा धरली. मधे बसलेल्यांचं तासाभरात कंबरडं मोडलं, पण उठता येईना, गवई समोर दोन हातांवर! नाट्यगृहात कसं, अंधारात मागच्या मागं सटकता येतं. इथं जांभई दिली तरी त्याला दिसते."

"दिली का कुणी?"

"ज्यांना मानानं पुढच्या लोडाला बसवलं होतं त्यांनीच. सळईवाले शेठ. त्यांना फोन आला, तर तिथंच तोंडावर हात ठेवून सुरू, 'बिलेट उतरवून घ्या, वजन करून घ्या.' गवई आलापात आणि हे वजनकाट्यावर. घरमालकीण अशी बघू राहिली होती त्यांच्याकडं, मला वाटलं आता दुधाचं पातेलंच घालते डोक्यावर."

"मोठ्या माणसाला पुढं बसवायचं नसतंच गाण्यात. ज्याला कळतं त्याला पुढं बसवावं, गवयाला तेवढाच आधार. आमचे सासरे सांगायचे."

"तुमचे सासरे अंबडचे ना?"

"अंबडचेच. दत्तजयंतीला तिथं गाण्याचा महोत्सव असतो, लई जुना आहे. ते आम्हाला न्यायचे. थंडीत घोंगड्या पांघरून बसायचं, लेकरं मांडीवर झोपलेली. पण तिथं देवाचं निमित्त असायचं. ह्यांच्याकडं निमित्त काय?"

"मसाला दूध. हसू नका, पुढं तर ऐका. पंखे बंद, एसी बंद. पंख्याची घरघर नको, आणि गार वारा लागला की तानपुऱ्याचा सूर हलतो म्हणे. साठ माणसं घामानं चिंब."

"खरा तानपुरा होता? का मोबाइलवरचा?"

"खरा, मिरजेचा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं ना, ते गवयानं स्वतः सांगितलं. जुळवायलाच पंधरा मिनिटं घेतली. लोकांना वाटलं गाणं सुरू झालं, दोघांनी तर दादही दिली."

"बाप्पा!"

"मग यमन झाला. छान झाला, खोटं कशाला बोलू. मला त्यातलं फार कळत नाही, पण माणूस चार हातांवर बसून गातो ना काकू, तेव्हा त्याचा श्वास ऐकू येतो, हाताची बोटं दिसतात. टीव्हीवर ती गंमत नाही. मध्यंतराला दूध झालं, आणि त्यानं बागेश्री धरला. धरला नि थांबला. पुन्हा धरला, पुन्हा थांबला. तबलजीकडं बघितलं, तानपुऱ्याला कान लावला. म्हणाला, कुठून तरी दुसरा सूर येतोय."

"मिलचा असेल. रात्रभर धाड-धाड चालूच असतं."

"मिलचा नाही. मिलच्या आवाजाला सूर कुठला! कोपऱ्यावरची डीपी! खिडकीपासून दहा पावलांवर तर आहे. पेटीवाले गृहस्थ नोकरीनं वीज खात्यातले, त्यांना बरोब्बर कळलं. म्हणाले, आपली वीज ५० सायकलची, आणि ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड एका सायकलीत दोनदा ताणतं-आकसतं, म्हणून त्याची गुणगुण १०० ची. पेटीवर दाखवलंच त्यांनी, पांढरी पाचच्या जरा वर. आणि गवयाचा षड्ज काळी एक."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे डीपी त्याच्या तीव्र मध्यमाच्या आसपास गुणगुणत होती. यमनात तीव्र मध्यम असतोच, म्हणून तिथं खपून गेलं. बागेश्रीला लागतो शुद्ध मध्यम. गवई शुद्धावर उभा राहायला जातो आणि डीपी त्याला वर ओढते."

"मायबाई! आपण इतकी वर्षं ती गुणगुण ऐकत भांडी घासतो, कधी कळलं नाही."

"मग काय, सगळी बैठक उचलून मागच्या खोलीत. कपाटाला टेकून तबला, पलंग उभा केलेला, निम्मी माणसं स्वयंपाकघरात ओट्यापाशी. शेठ तेवढ्यात निघून गेले. आणि खरं सांगू, गाणं तिथंच रंगलं. जे राहिले ते ऐकायलाच राहिले होते."

"माईक का नाही लावला? ओसरीत बसून मीही ऐकलं असतं."

"रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, २००० सालापासूनचा नियम आहे. आमचे हे कंपनीत सेफ्टीला आहेत ना, त्यांना पाठ आहे सगळं. राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. कारखान्यांच्या पट्ट्याला दिवसा ७५ आणि रात्री ७०."

"म्हणजे मशीननं रात्रभर गायलं तर चालतं, माणसानं नाही."

"तसंच. म्हणून तर पुण्याचा सवाई, १९५३ पासूनचा, एकेकाळी रात्र-रात्र चालायचा, त्यालाही रात्री दहाचं घड्याळ बघावं लागतं. गवई हेच म्हणत होता. दरबारी, मालकंस शिकायचे आयुष्यभर आणि गायचे कधी? दहाला पडदा पडतो. मग ते राग सकाळी रेकॉर्डिंगच्या खोलीत गातात. घरात माईक लागत नाही, म्हणून मध्यरात्री दरबारी गायला मिळतो तो असल्या बैठकीतच. काल गायला त्यानं, साडेबाराला. मिलची पाळी सुटायच्या आधी."

"ते झालं. बिदागी काय दिली?"

"आता तुम्ही मुद्द्यावर आलात! पाकीट दिलं, ते मी बघितलं. आत किती ते नाही दिसलं. पण आधी काय झालं माहितीय का? त्यांच्या भावकीतला एक जण म्हणाला, 'घरगुतीच आहे, एक शाल-नारळ द्या की.' घरमालकीण म्हणाली, 'मंडपवाल्याला शाल-नारळावर गाद्या मागा बरं.' गप्प बसला."

"बरोबर बोलली. लोकांना वाटतं घरी आला म्हणजे पाहुणा. गाडीभाडं, तबलजी, पेटीवाले, रात्रीचं जागरण… तो काय गोड दूध प्यायला येतो का जालन्याला?"

"दाराशी पितळी डबा ठेवला होता, ज्याला वाटेल त्यानं टाकावं. मी पाचशे टाकले. शेठनी एकावन्न."

"एकावन्न? बिलेटच्या ट्रकाला काय लागतं, आणि ह्यांनी एकावन्न!"

"हळू बोला, त्यांचा ड्रायव्हर गेटवरच उभा आहे. तर काकू, पुढची बैठक कार्तिकात ठेवायची म्हणतात, पण खोली डीपीपासून लांब पाहिजे. तुमचा मागचा हॉल मोठा आहे, आणि मधे दोन भिंती आहेत."

"अस्सं! म्हणून मघापासून एवढं रंगवून सांगू राहिल्यात होय तुम्ही?"

"मी आपलं सुचवलं."

"हॉल देईन. पण तीन गोष्टी. बोलावणं दारात येऊन करायचं, पुढच्या लोडावर कुणाला बसवायचं ते मी ठरवणार, आणि फ्रीज बंद करायचा असेल तर आधी सांगायचं, माझ्याकडं चार किलो खवा असतो दिवाळीत. ह्यांना मी विचारते, त्या आठवड्यात दिवसपाळी घ्या म्हणावं."

"घेतील?"

"न घेऊन सांगतात कुणाला. आणि त्या पेटीवाल्यांना आधी एकदा पाठवा इकडं, आमचा इन्व्हर्टर कुठल्या पट्टीत वाजतो तेवढं बघून जाऊ द्या."