जाणवलं का?

कंपनवीर तुमच्याही ओळखीतला आहे. पूर्वी तो स्टिरिओला जादा स्पीकर जोडायचा, मग बाइकचा सायलेन्सर बदलायचा. हल्ली बेडरूममध्ये शर्यतीची गाडी चालवतो. टेबलाला लॉजिटेकचं स्टीअरिंग, खाली तीन पेडल, समोर भलामोठा स्क्रीन. इथवर सगळं ठीक होतं. पण एके दिवशी त्याला साक्षात्कार झाला की गाडी हलत नाही.

"बेडरूममध्ये आहे म्हणून," मी सुचवून पाहिलं.

त्याला माझी कीव आली. "स्टीअरिंग सांगतं पुढच्या चाकांचं. मागची घसरायला लागली की खऱ्या ड्रायव्हरला आधी बुडाला कळतं. आम्हाला कळतं डोळ्यांना, तोवर गाडी भिंतीत!"

तेव्हापासून तो हात धुऊन स्वतःच्या बुडामागे लागला.

तयार वस्तू बाजारात मिळते हे त्याला सांगणं म्हणजे अपमान. पुतण्या शाळेत गेलेला पाहून यानं त्याचा एक्सबॉक्सचा कंट्रोलर उघडला. आत दोन मोटारी. दोन्हींच्या दांड्यावर एकाच बाजूला झुकलेलं वजन. मोटार फिरली की ते तिला धड स्थिर राहू देत नाही, म्हणून सगळं थरथरतं. एक मोटार ब्रेकला, एक ॲक्सिलरेटरला, केबल टायनं आवळून. तापकीर गल्लीतून वायरी आल्या, आर्डुइनो नावाचा सर्किट बोर्ड आला, त्याच्यावर बसणारी मोटार शील्ड आली. सिमहब नावाचं सॉफ्टवेअर गेममधून चाकांचा वेग, गिअर, इंजिनाचे फेरे उचलतं आणि चाक लॉक झालं रे झालं की ब्रेकच्या मोटारीला हुकूम सोडतं. सीटखाली बोल्टनं ठोकला बास शेकर, म्हणजे कोन नसलेला स्पीकर. हा हवा हलवत नाही, माणूस हलवतो.

आणि मग माणसं हलवणं सुरू झालं.

"बस. हं… जाणवलं का?"

"काय?"

"कर्ब! वळणाची कडा!"

मला जाणवला तो सीटचा बोल्ट. पण "हो" म्हणून सुटका नाही, लगेच उपप्रश्न, "डावीकडे की उजवीकडे?" कुरिअरवाला बसला, गॅसवाला बसला, वहिनींच्या भिशीतल्या बायका पाळीपाळीनं बसल्या. प्रत्येकीला तोच प्रश्न, तोच आशाळभूत चेहरा. या गडबडीत वहिनींनी त्याच्याशी अबोला धरला होता. ते मात्र त्याला जाणवलं नाही.

न विचारता उत्तर आलं ते खालच्या मजल्यावरून. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही वेटेलनं जिंकल्या आणि कारभार आटोपला. आमच्या सोसायटीत मात्र ते ५.१२५ किलोमीटर रोज रात्री अकरानंतर धावतात. स्लॅबमधून ती घरघर खाली उतरते आणि काकूंच्या फडताळातले पेले किणकिणू लागतात. काकू वर आल्या त्या थेट मुद्द्यावर: "तिसऱ्या वळणानंतर लांब सरळ रस्ता लागतो ना? तिथं गिअर बदलायला उशीर करतोस. पेल्यांना कळतं, तुला कळत नाही?" कंपनवीरानं त्यांना वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सीटच्या पायांखाली रबरी पॅड आले, पण मला वाटतं ते त्यानं नाइलाजानं लावले. इतका जाणकार श्रोता पुन्हा कुठून मिळणार?

मी त्याच्याकडे जाणं टाळू लागलो होतो. मग एकदा त्याच्या वडिलांना दवाखान्यात न्यायला सोबत गेलो. काका एसटीचे ड्रायव्हर; भोर-महाड रस्त्यावरचा वरंधा घाट त्यांना अंधारातही पाठ. आता मधुमेह. डॉक्टरांनी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठोकून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि विचारलं, "जाणवतंय का?"

काका म्हणाले, "नाही."

दुसरा पाय. "नाही."

कंपनवीर, ज्याला कोणत्याही थरथरीवर तासभर बोलता येतं, गप्प उभा होता. गाडी चालवणं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी स्कूटरची किल्ली मुलाच्या हातात ठेवली.

त्या आठवड्यात त्यानं पेडलच्या दोन्ही मोटारी काढल्या. ब्रेकचा इशारा पाठीकडे वळवला, ॲक्सिलरेटरचा मांडीखाली. तळव्यांना जे कळत नाही ते सीटनं सांगायचं. स्क्रीनवर युरो ट्रक सिम्युलेटर, त्यात आपल्याकडच्या बसचा मॉड. काका बसले. याचा तो प्रश्न ओठांवर आला असणार; पण यानं, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, तो गिळला. काकांनी डोंगरउतारावर इंजिन ऐकत गिअर खाली आणला आणि न विचारताच म्हणाले, "मागचं डावं चाक जरा बोलत नाहीये. बघ."

खरंच एक वायर सैल होती.

तेव्हापासून काका रोज दुपारी 'ड्यूटी'वर असतात. तक्रारींचं रजिस्टरही उघडलंय: इंजिनाची घरघर नव्या गाडीची आहे, जुन्याची हवी, ब्रेक फार गुणी आहे, एवढा गुणी ब्रेक आयुष्यात कधी मिळाला नाही. सगळ्यात मोठी तक्रार मात्र कंडक्टरची. डबल बेल मिळाल्याशिवाय ते गाडी स्टँडवरून हलवत नाहीत. सध्या कंपनवीर बाजारात दोरीची घंटा शोधतोय आणि तोवर मागच्या स्टुलावर बसून तोंडानं "टिंग टिंग" करायचं काम माझ्याकडे आहे.