एक खिडकी, चार रांगा

जावात एकाच क्लासला हवे तेवढे कन्स्ट्रक्टर देता येतात. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट यांना ही चैन मान्य नाही. तिथे एक खिडकी योजना लागू आहे.

अंमलबजावणी भाषेगणिक वेगळी. जावास्क्रिप्टच्या क्लासमध्ये दुसरा कन्स्ट्रक्टर लिहिला, तर प्रोग्राम सुरूच होत नाही. पायथॉन अधिक सभ्य. तिथे कन्स्ट्रक्टरचं काम इनिट करतो; दोन इनिट लिहिले, तर दुसरा गुपचूप पहिल्याच्या जागी बसतो. पहिल्याला साधी नोटीसही जात नाही.

अर्ज मात्र चार प्रकारचे येतच राहतात. मग खिडकीमागे चौकशी चालते: कागद किती? आकडा की मजकूर?

या कारभाराचा आदर्श नमुना म्हणजे जावास्क्रिप्टचा डेट. काहीच दिलं नाही, तर तो आत्ताची वेळ देतो. मजकूर दिला, तर वाचून तारीख लावतो. दोन आकडे दिले, तर पहिला वर्ष, दुसरा महिना. महिने मात्र शून्यापासून. त्यामुळे २०२४ आणि १२ दिले की डिसेंबर ओलांडून थेट जानेवारी २०२५. नुसतं २०२४ दिलं तर? आकडा एकटा आला, म्हणजे ते वर्ष नव्हे, १९७० च्या आरंभापासूनचे मिलिसेकंद! भारतातल्या संगणकावर उत्तर येतं: १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच वाजून दोन सेकंद. तक्रारीला वाव नाही, कारण नियमानुसार काहीच चुकलेलं नाही.

हा नमुना जावाकडूनच १९९५ साली उचललेला. जावाने १९९७ मध्ये आपल्या डेटच्या सहापैकी चार कन्स्ट्रक्टरांवर ‘वापरू नये’ असा शिक्का मारला. जावास्क्रिप्टने वारसा जपला.

पायथॉनवाल्यांनी खिडकीशेजारी पाट्या लावलेली दारं उघडली. डेटटाइमला नाऊ आहे, फ्रॉमटाइमस्टॅम्प आहे, फ्रॉमआयसोफॉरमॅट आहे. पाटी वाचायची आणि आत शिरायचं, चौकशी नाही. गंमत म्हणजे जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात, पहिल्याच कलमात, कन्स्ट्रक्टरांची रेलचेल असलेल्या जावावाल्यांनाही नाव असलेल्या स्टॅटिक मेथडचाच विचार करायला सांगितलं. रस्टने तर कन्स्ट्रक्टर नावाची वेगळी सोयच ठेवली नाही. तिथे न्यू हे केवळ रूढीने चालत आलेलं नाव.

जावास्क्रिप्टलाही आता तारीख-वेळेसाठी टेम्पोरल ही नवी सोय मिळाली आहे. त्यात फ्रॉमची पाटी आहे आणि महिने एकपासून. जुना डेट मात्र निवृत्त होणार नाही. त्याच्यावर विसंबलेली वेबपानं अगणित आहेत. तेव्हा नव्या दारी जानेवारी पहिला, जुन्या खिडकीवर शून्यावा, आणि दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये.