दिव्यांचा रकाना

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम हे योगसंशोधन केंद्र काढले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. उड्डियान, नौली या योगक्रिया करताना पोटात नेमके काय घडते, ते त्यांनी क्ष-किरणांनी तपासले.

याच प्रयोगासाठी आज आधी प्रस्ताव लागला असता. ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ काय लिहिणार? त्या वाटेने फारसे कुणी गेलेच नव्हते. म्हणजे अर्ज अपुरा! शिवाय यंत्राची तीन कोटेशने, आणि ‘अपेक्षित निष्कर्ष’ प्रयोगाआधीच.

डिसेंबर २०२३मध्ये विधान परिषदेत ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या पीएचडी अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा सरकारी बाकांवरून विचारणा झाली: पीएचडी करून काय दिवे लावणार?

छापील अर्जात तेवढाच रकाना राहिलाय: लावायचे दिवे, नग, वॅट, आणि सोबत उपयोगिता प्रमाणपत्र, तीन प्रतींत.