ने

लहानपणी एकदा मी एकाच भांडणाचा मार दोनदा खाल्ला. दुसऱ्या माराला व्याकरण जबाबदार होतं.

गिरगावातली चाळ. भिंतीला भिंत लागून एक गुजराती बिऱ्हाड. वरच्या मजल्यावरच्या दांडगट पोराने गोट्यांवरून मला बदडलं, आणि ते पाहून शेजारच्या बांची नात धावत आमच्या दारात येऊन ओरडली, "बंड्याने मार्यो! बंड्याने मार्यो!" बंड्या म्हणजे मी. आई पोळ्या लाटत होती, ती तशीच उठली. कपाळावर टेंगूळ घेऊन मी जिना चढतोय, तोच माझा कान तिच्या पिठाच्या हातात गेला.

आईचं तरी काय चुकलं? शाळेत 'ने, ए, शी' घोकलेल्या कुणालाही 'बंड्याने' म्हटलं की मारणारा बंड्याच दिसणार. पण गुजरातीतलं 'ने' म्हणजे आपलं 'ला'. ती बिचारी सांगत होती, बंड्याला मारलं. एका भाषेतला फिर्यादी उंबरा ओलांडेपर्यंत आरोपी झाला होता. १ मे १९६० ला दोन राज्यांची वाटणी झाली. या 'ने'चं कुणाच्या लक्षातच आलं नसावं.

तेव्हापासून हे अक्षर कुठेही भेटलं की माझा हात आधी कानाकडे जातो.

ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे हो. ऐकणाऱ्याला वाटावं माणूस नाही म्हणतोय, आणि तो तर मान्य करून मोकळा. त्यांचा नकार 'ओही'. १९४० साली मुसोलिनीची मागणी धुडकावली म्हणून २८ ऑक्टोबरला तिथे या 'ओही'ची चक्क राष्ट्रीय सुट्टी असते. होकाराला मात्र कुणी सुट्टी देत नाही. आता ग्रीसची उत्तरेची हद्द ओलांडून बल्गेरियात जा. तिथे 'ने' म्हणजे नाही. बरं, मान पाहून ओळखावं, तर नाही म्हणताना तिथले जुने लोक मान वर-खाली करतात आणि हो म्हणताना आडवी हलवतात. आपली मान तर तिरपीच डोलते आणि तिचा अर्थ आपल्यालाही नंतर कळतो, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही.

फ्रेंचांचं 'ने' नकाराचंच, पण निम्मंच. उरलेला नकार 'पा' सांभाळतो. बोलताना तर ते 'ने' गिळूनच टाकतात आणि सगळा भार 'पा'वर. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

हल्ली आमच्या घरात कोरियन 'ने' आलं आहे. पुतणी रात्री मालिका बघत बसते आणि जेवायला हाक मारली की आतून ओ येते, "ने!" म्हणजे हो. वहिनी ताट घेऊन दारात उभी : "काय ने? कुठे ने?" मला सगळ्यांत घरचं वाटतं ते जपानी. 'अत्सुइ देस ने' म्हणजे उकडतंय ना. तो आपला शेपटातला 'ना'च. समोरच्याला आपल्या बाजूला ओढायची सवय तिकडेही आहे म्हणायची.

त्या दिवशी आईला खरा प्रकार बांनी येऊन सांगितला. हातात वाटी, वाटीत गरम सुखडी. आईने माझ्या कानाकडे पाहिलं, तो अजून पांढरा होता, पिठाने. मी रुसून भिंतीकडे तोंड केलेलं.

"ले ने, बेटा," बा म्हणाल्या. घे ना.

"ने रे," आई म्हणाली, जरा खालच्या आवाजात. "बा देतायत, तर ने."

मी वाटी घेतली आणि गॅलरीत गेलो.