पाटी रंगवून मिळेल

कझाकस्तानच्या राजधानीत पाट्या रंगवणाऱ्याच्या घरी चूल कधी विझत नसावी. शहर मूळचं अकमोलिन्स्क. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह साहेबांना तिथल्या पडीक माळावर गहू डोलताना बघायचा होता, म्हणून 1961 मध्ये त्याचं त्सेलिनोग्राद, म्हणजे पडीक माळाचं शहर, झालं. सोव्हिएत संघ मोडला आणि 1992 मध्ये अकमोला आलं. राजधानी अल्माटीहून इथे हलली, मग 1998 मध्ये अस्ताना.

पुढची पाटी मात्र विक्रमी वेगात रंगली. जवळपास तीन दशकं राष्ट्राध्यक्षपदाच्या गादीवर असलेले नुरसुल्तान नझरबायेव्ह 19 मार्च 2019 रोजी पायउतार झाले. दुसऱ्याच दिवशी कासिम-जोमार्त तोकायेव्ह यांनी शपथ घेतली आणि लगेच सुचवलं, राजधानीला आमच्या साहेबांचं नाव द्या. संसदेने त्याच दिवशी माना डोलावल्या. 23 तारखेला दहा लाखांवर वस्तीचं शहर कायदेशीररीत्या नूर-सुल्तान! सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायला तलाठ्याच्या दारी चपला झिजवणाऱ्या मराठी माणसाने या कारभाराला साष्टांग दंडवत घालावा. लोकांना विचारायचं राहून गेलं, एवढंच. जे न विचारता रस्त्यावर येऊन बोलले, त्यांची सोय पोलिसांनी केली.

जानेवारी 2022 मध्ये गाड्यांच्या गॅसचे दर वाढले आणि देश पेटला. ‘म्हाताऱ्या, चालता हो’ अशा घोषणा घुमल्या. ताल्दीकोर्गानमध्ये नझरबायेव्हांचा पुतळा जमावाने खाली ओढला. तोकायेव्ह साहेबांना जनतेचं मन तत्काळ कळलं; तीन वर्षांपूर्वी ते कुठे होतं, हे विचारू नये. 17 सप्टेंबर 2022 रोजी त्यांनी घटनादुरुस्तीवर सही केली आणि शहर पुन्हा अस्ताना झालं. त्याच घटनादुरुस्तीत राष्ट्राध्यक्षपदाची मुदत सात वर्षांची करून घेतली. मुदत एकदाच मिळणार, हा त्याग. म्हणजे नाव लावणारे तोकायेव्ह, पुसणारेही तोकायेव्ह. पाटीवाला बदलायची गरज पडली नाही.

साहेब पुरते पुसले गेले असं मात्र समजू नका. राजधानीचा दिवस अजूनही 6 जुलैलाच साजरा होतो, म्हणजे नझरबायेव्हांच्या वाढदिवशी. विमानतळ त्यांच्याच नावाचा आहे. त्याची त्सेलिनोग्रादवरून पडलेली टीएसई ही तीन अक्षरी खूण सोव्हिएत संघ बुडून गेल्यावरही 2020 पर्यंत प्रवाशांच्या सामानावर डकवली जात होती. तिच्या जागी साहेबांच्या नावाची एनक्यूझेड आली, ती अजून शाबूत आहे.

तेव्हा हयातीतच अमर होऊ पाहणाऱ्या तमाम नेत्यांना नम्र सूचना : शहराच्या वाटेला जाऊ नका. बॅगेला चिकटवायच्या चिठ्ठीवर तीन अक्षरं मिळवा. ती कोणी वाचत नाही, म्हणून कोणी पुसतही नाही. आणि शहराला तुमचं नाव द्यायची सूचना सर्वांत आधी करणाऱ्या माणसावर बारीक नजर ठेवा.