पित्ताच्या नावाने घरात राहिलेल्या अर्धशिशीस

अर्धशिशीस,

नमस्कार-चमत्कार नकोत. तू आमच्या घरात चाळीस वर्षं खोट्या नावाने राहिलीस, त्याचा हिशेब मागायला हे पत्र आहे. आणि ते मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे, कारण पडदे ओढलेल्या खोलीत, दाराआड, गुपचूप छळायचं हीच तुझी रीत.

आमच्याकडे तुला 'पित्त' म्हणत. आईला महिन्यातून दोन-तीनदा 'पित्त व्हायचं'. उजव्या भुवईवर ठणका सुरू व्हायचा, मग तो डोळ्यामागे जायचा. जुन्या सुती साडीची पट्टी ती कपाळाला करकचून बांधायची. त्याखाली आजीने उगाळलेल्या सुंठेचा लेप. त्याने कातडी भाजून निघायची. कुकरची शिट्टी झाली की तिचे खांदे दचकून वर जायचे. फोडणीचा वास आला की उमासे यायचे. शेवटी खाटेखालच्या घमेल्यात पिवळं पाणी पडायचं आणि आजी म्हणायची, "पडलं बघ पित्त. आता उतरेल." बरेचदा उतरायचंही. म्हणून तुझ्यावर कधी कुणाला संशय आला नाही.

तुझी हीच लबाडी मला सर्वांत जास्त झोंबते. पोट बिघडलं म्हणून डोकं दुखत नव्हतं. तू मेंदूत उठतेस तेव्हा जठराचं काम मंदावतं, मळमळतं, उलटी होते. चोरी तुझी आणि शिक्षा पोटाला! कोकम, मोरावळा, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सगळं झालं, पण तुझं नाव कुणी घेतलं नाही. कधी तू सायनस झालीस, कधी चष्म्याचा नंबर, कधी दृष्ट. आणि पाहुणे यायच्या दिवशी आई झोपून राहिली की 'नाटकं'. हा शब्द तिने ऐकून घेतला, उत्तर दिलं नाही. बोलायचं बळ तू शिल्लकच ठेवलं नव्हतंस.

आता मी तुला ओळखते. तुझ्या नावात 'अर्ध' असलं तरी कित्येकांचं तू अख्खं डोकं धरतेस. औषध घेतलं नाही तर ४ ते ७२ तास मुक्काम ठोकतेस. ठणका असा, की जिना चढला तरी वाढतो. उजेड, आवाज, वास सोसत नाही. ठणक्याच्या आधी काही तास, कधी एक-दोन दिवस, तू खुणा सोडतेस: विनाकारण जांभया, आखडलेली मान, चिडचिड, गोड खायची ओढ. काहींना डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, त्या साधारण ५ ते ६० मिनिटांत विरतात. तू गेल्यावरही दिवसभर डोकं पिळून वाळत घातल्यासारखं होतं. बाईला तू पुरुषापेक्षा जवळजवळ तिप्पट गाठतेस, कारण पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन घसरलं की तुला वाट मोकळी होते.

तुझे साथीदारही ओळखीचे झाले आहेत. उपवास हा त्यातला पहिला. हरतालिकेच्या संध्याकाळी आई हमखास आडवी व्हायची आणि घर म्हणायचं, "उपाशीपोटी पित्त खवळलं." मग जागरण, एप्रिलचं ऊन, उग्र अत्तर, उदबत्तीचा धूर, चुकलेला चहा. आणि केस धुणं! मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी न्हाण्यानंतर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ साली प्रसिद्ध केली. आमच्या आज्या 'ओले केस बांधू नकोस' म्हणत, त्यांच्या अनुभवाकडे अखेर एका डॉक्टरांनी नीट पाहिलं.

हे साथीदार एकेकटे आले तर बरेचदा निभावतं, एकत्र आले की तू उठतेस. आईसारखी तू मलाही गाठलीस आणि माझा रविवार असाच गिळायचीस. उशिरा उठणं, चहाला उशीर, डोक्यावरून अंघोळ, उपाशीपोटी भर उन्हात बाजार. दुपारी दोनला तू दारात हजर. आता मी रविवारीही रोजच्याच वेळेला उठते, आधी खाते, केस संध्याकाळी धुते. तुझ्या फेऱ्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांतही तू दबा धरून बसतेस. अर्धशिशीच्या माणसाने साधी वेदनाशामकं महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्यांना महिन्यातले १० दिवसही पुरतात. आई डब्यातली पाकिटं संपवत राहिली आणि तू रोजची झालीस. झटका वारंवार येत असेल तर तो रोखणारी वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतात, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

आणि तुझ्या नावाखाली दुसरं कुणी घुसू नये, म्हणून हेही लिहिते. क्षणात कडेलोट झाल्यासारखी उठलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: अशा वेळी घरात लेप लावत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आमच्या स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं असायचं. आईने त्यावर दुधाचे खाडे लिहिले, सिलिंडरची तारीख लिहिली, सगळ्यांचे वाढदिवस लिहिले. स्वतःच्या दुखण्याचा एकही दिवस लिहिला नाही. तिच्या वेदनेची नोंद नव्हती, म्हणून तुझा माग लागला नाही. आता त्याच खिळ्याला माझं कॅलेंडर आहे. तू येतेस त्या चौकटीत मी लाल पेनाने 'अ' लिहिते, खाली आदल्या दिवशीची झोप, जेवण, पाळी. तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी पोटाबद्दल मोजकंच विचारलं आणि तुझं नाव घेतलं.

परवा माझी चौदा वर्षांची लेक अभ्यास करता करता सारख्या जांभया देत मान चोळू लागली. मी तिला आधी जेवू घातलं, दिवा मंद केला, डॉक्टरांनी तिच्यासाठी लिहून दिलेली गोळी वेळेत दिली. मग तिनेच उठून कॅलेंडरवर हिरव्या पेनाने 'अ' लिहिलं.

या घरात यापुढे तुला पित्त कुणी म्हणणार नाही.

– जिच्या आईची चाळीस वर्षं तू खाल्लीस, ती