आम्हाला खाणग्रस्त म्हणा

दौंड तालुक्यातल्या कासुर्डीत एक खाण मंजूर करावी, अशी माझी शासनाला नम्र सूचना आहे. जमिनीखाली काही सापडलंच पाहिजे असा हट्ट नाही. खाणीसोबत येणारा बाकीचा सगळा बारदाना आमच्या पट्ट्यात आधीच पोचलाय. काळं पाणी आहे, गाळ आहे, फेस आहे. खाणीचा मान तेवढा मिळायचा राहिलाय.

या मानाची किंमत मोठी आहे. २०१५ साली देशाचा खाण कायदा बदलला आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान जन्माला आलं. खाणवाल्यानं रॉयल्टी भरली की तिच्या हिशेबानं आणखी काही टक्के या प्रतिष्ठानात टाकायचे आणि त्यातून खाणीशेजारच्या गावांना पिण्याचं पाणी, दवाखाना, शाळा द्यायची. म्हणजे धुरळा खाणाऱ्याच्या नावे निधी निघतो. पुणे शहराचं मैलापाणी उसाला पाजणाऱ्याच्या नावे मात्र पाणीपट्टी निघते.

शिवाय खाणीच्या पाण्याची केवढी बडदास्त! ते उपसतात, टाकीत निवळत ठेवतात, आम्ल असेल तर चुना घालतात. तळाशी बसलेला गाळ यंत्रात दाबून त्याच्या वड्या पाडतात आणि त्या कुठं ठेवल्या हे कागदावर लिहूनही ठेवतात. नागपूरकडं पाटणसावंगीला वेस्टर्न कोलफिल्ड्सनं तर कोळशाच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावानं बाटलीत भरलं. कोळशाखालचं पाणी बाटलीत जाऊन बसलं. खडकवासला धरणाचं पाणी मात्र पुण्याच्या मोऱ्यांमधून फिरून आमच्याकडं येतं तेव्हा त्याला बाटली राहू दे, बादलीसुद्धा कोणी लावत नाही.

पुण्यानं काहीच केलं नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. पुण्यानं करार केला. शहर धरणातून जास्तीचं पाणी घेणार आणि त्या बदल्यात सांडपाणी शुद्ध करून वर्षाला साडेसहा टीएमसी शेतीला देणार, असं ठरलं. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल झालं. तिथून पाणी उचलून आमच्याकडं येणाऱ्या बेबी कालव्यात सोडायचं आणि शेतकऱ्यानं धन्य व्हायचं.

आता जरा पाटीवर गणित करू. साडेसहा टीएमसीला ३६५ दिवसांनी भागलं की दिवसाला साधारण ५० कोटी लिटर येतात. पुण्याच्या सगळ्या शुद्धीकरण केंद्रांची मिळून क्षमता २०१६ च्या सरकारी कागदावर होती दिवसाला ४७.७ कोटी लिटर. म्हणजे सगळी केंद्रं चोवीस तास चालली, वीज एकदाही गेली नाही आणि शुद्ध झालेला थेंब न् थेंब मुंढव्याला पोचला, तरी दिवसाला दोन-तीन कोटी लिटरचा खड्डा. तो भरून काढायचा तर उरतं काय, हे चौथीतलं पोरगंही वास घेऊन सांगेल.

म्हणून क्षमता वाढवायचं ठरलं. जपानच्या जायका संस्थेचं कर्ज, ९९० कोटींचा प्रकल्प, ११ नवी केंद्रं, ३९.६ कोटी लिटरची भर आणि मुदत जानेवारी २०२२. जपानी माणूस आगगाडी मिनिटभर उशिरा आली तर माफी मागतो म्हणतात. कर्ज त्याचं होतं, पण वेळापत्रक आपलं. मुदत आली आणि गेली. आमच्याकडं कालव्याचं आवर्तनही असंच येतं-जातं, त्यामुळं कोणाला धक्का वगैरे बसला नाही.

गाळाचं मात्र पुणेकरांनी बिनखर्चाचं तंत्र काढलंय. खाणवाल्याला निवळणीची टाकी बांधावी लागते. इथं मुळा-मुठेचं पात्र हीच पहिली टाकी, बेबी कालवा ही दुसरी आणि आमची रानं ही तिसरी. देखभालीला पगारी माणूस नको, कारण शेतकरी स्वतःच्या खर्चानं मोटर चालवतो. हिरवळ हवी तर जलपर्णी आहेच. आणि यातूनही काही उरलंच तर खाली उजनी धरण आहे, ते सगळ्यांना पोटात घेतं.

मला खरं कौतुक वाटतं ते आमच्या जुन्या टोलनाक्याचं. कासुर्डीला नाका होता तेव्हा पुण्याहून आलेली गाडी पावती फाडल्याशिवाय पुढं सरकत नव्हती. त्याच पुण्याहून मैलापाणी रात्रंदिवस येत होतं, त्याला कोणी दांडी आडवी टाकली नाही. टेंपोएवढा टोल जरी लावला असता तरी आज गावाकडं स्वतःचं शुद्धीकरण केंद्र असतं, वर एखादं गुऱ्हाळही.

खाणीचा आणखी एक गुण सांगतो. ती कधीतरी संपते. ती बंद करून जागा कशी पूर्ववत करणार याचा आराखडा मालकाला आधीच द्यावा लागतो, त्याची हमी म्हणून रक्कमही अडकवावी लागते. शहराकडून असा आराखडा कोणी मागत नाही. ते संपणार नाही याची सगळ्यांना खात्री आहे. उलट त्याच्या हद्दीत दर काही वर्षांनी गावं वाढतात आणि नळ वाढतात. नळ वाढला की त्याच्या मागोमाग मोरी आली.

तर खाणग्रस्त होण्याचा आमचा अर्ज तयार आहे. नाव, गाव, गट नंबर भरून झालाय. ‘खनिजाचे नाव’ हा रकाना तेवढा अडलाय. पुणेकरांनो, माल तुमचा आहे, तिथं काय लिहायचं ते तुम्हीच कळवा.